पेरो उठतो, मोत्या उठत नाही

या सदरात मृत्यूविषयी मी आजवर पुष्कळ लिहिले आहे. मात्र तो शब्द टाळून. नामांकन केले आहे का, संयुक्त खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ची सूचना आहे का, लॉकरची किल्ली कोठे असते हे घरात आणखी कोणाला ठाऊक आहे का, असे प्रश्न विचारून मी वाचकांना अनेकदा कंटाळा आणला असेल. नोकरीच्या काळात मृत खातेदारांचे दावे हाताळणे हे माझ्या टेबलावरचे नित्याचे काम होते. समोर बसलेल्या विधवेकडे मृत्यूचा दाखला मागताना आवाज कसा ठेवावा, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले गेले नाही. ते सवयीने आले. इतकी सवय असलेला मी, गेल्या भाद्रपदात सहा वर्षांच्या नातवाला चार शब्दांचे एक वाक्य सांगू शकलो नाही. या महिन्याचा लेख त्याविषयी आहे, आणि त्यात लहान मुलांची कार्टूने बरीच येणार आहेत. वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती.

आम्ही शिरूरला राहतो. जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. मुलगी दौंडला दिलेली आहे. आमच्यासारख्या घरांत सहसा कुत्रा पाळत नाहीत. तो आपणहून राहू लागतो. अकरा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात एक पिल्लू पायरीखाली येऊन बसले. पाऊस थांबला तरी ते गेले नाही. त्याचे नाव मोत्या पडले. दूध-भाकरीवर वाढलेला हा प्राणी स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडत नसे. त्याला तो नियम कोणी सांगितला, हे आम्हांला कळले नाही. नातवाने पहिली पावले माझ्या बोटाला धरून टाकली, असे मी सर्वांना सांगतो. खरे पाहता त्याचा एक हात माझ्या बोटाला होता आणि दुसरा मोत्याच्या पाठीवर.

संवत्सरी झाली, पारणी झाली, गावभर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून झाले. त्यानंतर चारच दिवसांनी मोत्याने भाकरी तोंडाला लावली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हिला म्हणालो, “मोत्याने तेला धरलेला दिसतो.” दोघेही हसलो. शेजारी आले, त्यांनाही मी तेच सांगितले, तेही हसले. चौथ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले तेव्हा रिक्षा बोलावून मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. गोचीड ताप, असे ते म्हणाले. इंजेक्शन दिले, सलाइन लावले आणि “जरा आधी आणला असता तर...” एवढे बोलून हात धुवायला गेले. त्याच रात्री मोत्या गेला. ही त्याच्या कानाशी नवकार म्हणत बसली होती. जीवंधरकुमारांनी मरणासन्न कुत्र्याला मंत्र ऐकवल्याची कथा तिने लहानपणी ऐकलेली होती. सकाळी मागच्या अंगणात कडुलिंबाखाली खड्डा खणून, मीठ घालून आम्ही त्याला पुरले.

दौंडला फोन केला. मुलगी रडली, मग सावरून म्हणाली, “पप्पा, याची सहामाही होऊ द्या. तोवर काही सांगू नका.” पुढच्या रविवारी नातवाने नेहमीप्रमाणे मोत्याला फोनवर बोलवायला सांगितले. मी म्हणालो, “अरे, तो गेला.”

“कुठे?”

या एका प्रश्नापाशी मी घसरलो. ‘गेला’ हे क्रियापद आपण मृत्यूसाठी इतक्या सहजपणे वापरतो की लहान मूल ते शब्दशः घेणार, याचे भान राहत नाही. त्यातून हा मुलगा दौंडचा. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेवाचून दुसरा विषय नाही. पुण्याहून आलेल्या गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी आल्या दिशेनेच निघून पुढे मनमाडकडे वळते, हे दृश्य त्या गावातील पिढ्यांनी पाहिले आहे. तिथल्या मुलाच्या शब्दकोशात ‘गेली’ या शब्दाला ‘येईल’ हा शब्द जोडलेलाच असतो. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, “पांजरपोळात. तिथे मोठं रान आहे. म्हातारी जनावरं तिथे आनंदात राहतात.” विलायतेत म्हणे अशा वेळी कुत्रा शेतावर राहायला पाठवला असे सांगतात. आपल्याकडे शेत अगदी दारात असल्याने ते चालत नाही. मी जीवदयेची संस्था वापरली. एवढाच काय तो फरक.

दिवाळीत तो आला आणि पहिल्याच दिवशी पांजरपोळात जायचे म्हणाला. खोटे बोलणाऱ्याला दुसरे खोटे तयार ठेवावे लागते. माझ्याजवळ ते नव्हते. गाई-वासरांत रमेल, विसरून जाईल, अशा हिशेबाने मी त्याला खरोखरच एका पांजरपोळात घेऊन गेलो. तो वासरांकडे पाहीना. एकेका गोठ्यापाशी उभा राहून “मोत्याऽ” अशी हाक मारी आणि थोडा वेळ वाट पाही. चाऱ्याची पेंढी सोडणाऱ्या माणसाने प्रेमाने सांगितले, “कुत्री नसतात रे बाळा इथे. गाई-बैलच असतात.” मी घाईने म्हणालो, “तो फिरायला गेला असेल.” त्या माणसाने माझ्याकडे पाहिले. नातवानेही पाहिले. परतताना तो स्कूटरवर पुढे उभा होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही.

त्या संध्याकाळी तो मोबाइलवर ‘डोरेमॉन’ पाहत होता. ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: भविष्यकाळातून आलेला निळा यांत्रिक बोका आणि अभ्यासात कच्चा असलेला नोबिता नावाचा मुलगा यांची ही जपानी मालिका आहे. फुजिको एफ. फुजिओ यांची मूळ चित्रकथा पन्नास वर्षांहून जुनी आहे. हिंदी बोलणारा डोरेमॉन आता आपल्या मुलांना जपानी वाटतच नाही. त्या दिवशीचा भाग असा होता: शिझुकाचा कुत्रा पेरो मरतो. ती रडते. तिचे रडणे नोबिताला बघवत नाही आणि तो भलतेच वचन देऊन बसतो, की पेरोला पुन्हा जिवंत करीन. डोरेमॉन कपाळाला हात लावतो. मेलेल्याला उठवणारे साधन त्याच्या पोटाच्या खिशातही नसते. शेवटी दोघे टाइम मशीनमधून आदल्या रात्री जातात, पेरो अजून जिवंत असताना त्याला औषध देतात, आणि दुसऱ्या दिवशी रडणाऱ्या शिझुकासमोर पेरो उठून उभा राहतो.

भाग संपला. नातवाने मोबाइल उलटा ठेवला आणि माझ्याकडे न पाहता विचारले, “नाना, मोत्या मेलाय ना?”

“होय.”

“औषध दिलं होतं?”

“दिलं होतं. इंजेक्शन दिलं होतं.”

“मग?”

“मग तरी तो मेला.”

“कुठे आहे?”

मी मागचे दार उघडून कडुलिंब दाखवला. बाहेर अंधार होता. त्या सावलीत आम्ही स्कूटर लावतो. ती तिथेच उभी होती. त्याने थोडा वेळ पाहिले आणि आत जाऊन नानीजवळ झोपला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. त्याचे आईवडील येऊन त्याला घेऊन गेले. मला वाटले, विषय संपला. मी दिलेल्या उत्तरांत एकही शब्द खोटा नव्हता, याचे मला समाधानही वाटले, हे कबूल करतो. औषध दिले होते हे खरे. ते केव्हा दिले, हे त्याने विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते. अशा उत्तरांना आमच्या खात्यात तांत्रिकदृष्ट्या बिनचूक म्हणत, आणि तपासनीस नेमक्या त्याच ठिकाणी लाल पेन्सिल ठेवत.

नातू गेल्यावर मला एक छंद लागला. मी एक वही घेतली, रकाने आखले आणि मुलांच्या कार्टूनांत पाळीव प्राणी मरतो तेव्हा काय दाखवतात, हे टिपू लागलो. ही हसे; पण संध्याकाळी शेजारी येऊन बसे. पहिली पंधरा पाने जवळजवळ कोरीच राहिली. ‘छोटा भीम’मध्ये लाडू संपतात, ‘मोटू पतलू’मध्ये समोसे संपतात, मी पाहिलेल्या भागांत तरी कोणाचे आयुष्य संपले नाही. जग्गू माकड वर्षानुवर्षे त्याच वयाचे आहे. यात निर्मात्यांचे तत्त्वज्ञान शोधू नये. हा व्यवहार आहे. अशा मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र असतो. वाहिनीला तो कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्रमाने, दहा वर्षांनीही दाखवता आला पाहिजे. सोमवारी मेलेला कुत्रा मंगळवारी जुन्या भागात शेपूट हलवताना दिसला तर घोटाळा होईल. म्हणून भाग संपताना सगळे सुरुवातीला होते तसेच पुन्हा व्हावे लागते. शिवाय दप्तरावर आणि पाण्याच्या बाटलीवर ज्याचे चित्र विकायचे, त्याला मारून कसे चालेल?

‘टॉम अँड जेरी’ची तऱ्हा आणखी निराळी. तिथे मांजर दर दोन मिनिटांनी मरते: पोळीसारखे लाटले जाते, पंख्यात सापडते, त्याच्या ठिकऱ्या होतात, आणि पुढच्या चित्रात मिशा सारखे करीत उभे असते. माझी मुलगी लहान असताना आम्ही दोघे हे पाहून पोट धरून हसलो आहोत, तेव्हा आता त्यावर टीका करण्याचा मला अधिकार नाही. लहान मुलाला ते खरे वाटते असेही नाही. सहा वर्षांच्या मुलाला चित्र आणि कुत्रा यांतला भेद कळतो. पण मरण म्हणजे काय, हे त्याच्या मनात अजून पुरते बसलेले नसते. हंगेरीतील मारिया नागी या बाईंनी बुडापेस्टच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून १९४८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसले होते. अगदी लहान मुलांना मृत्यू म्हणजे दूरचा प्रवास किंवा झोप वाटते. त्यातून परत येता येते, असे ती धरून चालतात. पुढील अभ्यासकांनी वयाचे आकडे थोडे अलीकडे आणले आणि बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात परत न येण्याची गोष्ट समजू लागते, असे मांडले. माझा नातू नेमका त्या उंबऱ्यावर होता. मी त्याला ‘पांजरपोळात गेला’ असे सांगून उंबऱ्याच्या आत ओढत होतो आणि तो बाहेर पाऊल टाकू पाहत होता.

परदेशी चित्रपटांचे रकाने लवकर भरले. ‘बॅम्बी’मध्ये हरणाच्या पाडसाची आई मारली जाते. १९४२चा चित्रपट, पण गोळीचा केवळ आवाज ऐकू येतो. मरण पडद्याबाहेर घडते. ‘फ्रँकेनवीनी’ या २०१२च्या चित्रपटात व्हिक्टर नावाचा मुलगा आपल्या मेलेल्या कुत्र्याला विजेच्या साहाय्याने पुन्हा उठवतो. मला तो आवडला नाही, हिला आवडला. ‘ब्लूई’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतील एक छोटासा भाग मात्र दोघांनाही आवडला. ती मालिका कुत्र्यांच्याच कुटुंबाची आहे. छोटी ब्लूई आणि तिचे वडील फिरायला गेले असता त्यांना एक जखमी बडगी, म्हणजे आपल्याकडे पिंजऱ्यात ठेवतात तो छोटा पोपट, सापडतो. ते त्याला डॉक्टरांकडे नेतात. तो वाचत नाही. वडील तसे सांगतात. घरी येऊन ब्लूई तोच प्रसंग खेळातून पुन्हा करते: धाकटी बहीण पक्षी होते, आईलाही खेळात घेतले जाते. एवढेच. सात मिनिटांत संपते. त्यात कोणी कुठे राहायला जात नाही.

कार्टून नव्हे, पण मुलांचाच एक जुना कार्यक्रमही माझ्या वहीत आला. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ मुलांसाठी दूरदर्शनवर बोलत असत. १९७० सालच्या एका भागात त्यांना मत्स्यपेटीत एक मासा मेलेला आढळतो. ते त्याला उचलून मिठाच्या पाण्यात ठेवतात. त्याने कदाचित तो शुद्धीवर येईल, असे त्यांनी ऐकलेले असते. मासा हलत नाही. मग ते त्याला कागदात गुंडाळतात, अंगणात पुरतात आणि स्वतःच्या लहानपणी मेलेल्या मिट्झी नावाच्या कुत्रीची आठवण सांगतात. आपण तेव्हा रडलो होतो, हेही सांगतात. मिठाचे पाणी मला फार महत्त्वाचे वाटले. त्या माणसाने उपाय करून पाहिला, तो चालला नाही, आणि न चाललेला उपाय त्याने मुलांपासून लपवला नाही.

आपल्याकडे हे नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये ‘मोरी गाय’ आणि ‘भूतदया’ ही दोन प्रकरणे आहेत. एकात घरची गाय जाते. दुसऱ्यात घरट्यातून पडलेले पाखराचे पिलू मुलांनी इतकी काळजी घेऊनही मरते. आमच्या पिढीने ती शाळेत असतानाच वाचली आणि त्याने आम्हांला काही अपाय झाला नाही. पंचतंत्रातील मुंगूस तर लेकरासारखे वाढवलेले. बाळाला सापापासून वाचवूनही ते गैरसमजाने मारले जाते, आणि कथा त्याला उठवीत नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. सहलीला आलेली मुले ती पाहतात. आमच्या शिरूर तालुक्यात तर ही गोष्ट पुस्तकातलीही नाही. घोड आणि भीमेच्या बाजूच्या ऊसपट्ट्यात बिबट्या वस्तीवरचा कुत्रा उचलतो. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालावे लागतात. माणसांवरही प्रसंग आले आहेत. त्या दुःखाविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे. पण सकाळी साखळी रिकामी दिसली की वस्तीवरच्या मुलाला कोणी पांजरपोळाची कथा सांगत बसत नाही. हा दिलासा देण्याची चैन बाजारपेठेत राहणाऱ्या आम्हा लोकांनाच परवडते.

वही भरत आली तेव्हा मी पुन्हा पेरोच्या भागाकडे वळलो, आणि या वेळी मला तो निराळा दिसला. पहिल्यांदा मी मनात म्हटले होते की ही कार्टूने मुलांना खोटी आशा लावतात. परंतु त्या गोष्टीत डोरेमॉनही कबूल करतो की मेलेल्यावर औषध नाही. औषध आहे ते आदल्या रात्रीसाठी. टाइम मशीन मेलेल्याला उठवण्यासाठी लागत नाही. ते उशीर पुसण्यासाठी लागते. आता हे लहान मुलाचे अज्ञान आहे का? दवाखान्यातून घरी आलेला प्रत्येक मोठा माणूस रात्रभर हेच करीत बसतो. दाव्याचे अर्ज भरायला येणाऱ्या किती जणांनी माझ्या टेबलासमोर बसून, मी विचारले नसताना, मला सांगितले होते की आदल्या दिवशीच पुण्याला हलवले असते तर! मी मान हलवून म्हणत असे, “इथे सही करा.”

म्हणजे नातवाने विचारलेला “औषध दिलं होतं?” हा प्रश्न कार्टूनमुळे बिघडलेल्या मुलाचा नव्हता. तो अगदी योग्य जागी बोट ठेवणारा प्रश्न होता, आणि मी अर्धे उत्तर देऊन उठलो होतो.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी दौंडला गेलो. न्हावरे-चौफुला रस्त्याने जाताना काय आणि कसे बोलायचे याची मनाशी तयारी केली होती. तिचा उपयोग झाला नाही. दुपारी आम्ही दोघे ‘टॉम अँड जेरी’ पाहत बसलो. मीच एक जुना भाग निवडला होता: १९४९चा ‘हेव्हनली पस’. त्यात जिन्यावरून घरंगळत आलेल्या पियानोखाली टॉम खरोखर मरतो आणि सोन्याच्या सरकत्या जिन्याने वर जातो. वर स्वर्गाची आगगाडी उभी आहे. फाटकावर एक वृद्ध मांजर जाडजूड खातेवही उघडून बसले आहे. रांगेत ओले पोते येते आणि त्यातून तीन छोटी पिल्ले बाहेर पडतात. कोणीतरी त्यांना पाण्यात बुडवलेले असते. हा विनोदी चित्रपट आहे, तरी तिथे मला हसू आले नाही. टॉमच्या खात्यात जेरीचा जन्मभर केलेला छळ नोंदलेला असतो. त्याला प्रवेश नाकारला जातो. पण गाडी सुटायला तास आहे. तेवढ्यात जेरीची सही असलेले क्षमापत्र आणलेस तर आत घेऊ, नाही तर खाली कढई तयार आहे.

नातू उठून बसला. आगगाडी असल्यामुळे त्याचे लक्ष होतेच. “नाना, उंदराने सही नाही केली तर?”

“तर गाडी सुटेल.”

टॉम धावतो, विनवण्या करतो, धमकावतो. शेवटी सही मिळते तेव्हा वेळ संपलेली असते. तो खाली कोसळतो आणि शेगडीपाशी झोपेतून जागा होतो. सगळे स्वप्न असते. म्हणजे इथेही कोणी मेले नाही. पण जागा झाल्यावर तो धावत जाऊन जेरीला कवटाळतो, आणि कशासाठी ते बिचाऱ्या जेरीला ठाऊक नसते.

मी मोबाइल बाजूला ठेवला. “मला तुझी सही पाहिजे,” मी म्हणालो. “मोत्याला औषध दिलं, पण चौथ्या दिवशी दिलं. पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. मी उशीर केला. आणि पांजरपोळाचं तुला खोटं सांगितलं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बिस्किटांनी नाही ना मेला?”

“कोणत्या बिस्किटांनी?”

पंधरा ऑगस्टला तो शिरूरला आला होता तेव्हा त्याने मोत्याला आपल्या पुड्यातली चॉकलेटची बिस्किटे दिली होती. दोन. कुत्र्याला चॉकलेट द्यायचे नसते, असे त्याच्या आईने त्याला बजावले होते. तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही आणि त्याने कोणाला सांगितले नाही. पांजरपोळातून परतताना स्कूटरवर पुढे उभा असल्यापासून हे त्याच्या मनात होते. दिवाळी गेली, डिसेंबर गेला, शाळेचे स्नेहसंमेलन झाले. त्यात तो ससा झाला होता आणि त्याने उड्याही चांगल्या मारल्या, असे मुलीने फोनवर सांगितले होते. इंजेक्शन कोणते, कशासाठी, हे मी सांगितले नव्हते. ती रिकामी जागा त्याने स्वतःच्या दोन बिस्किटांनी भरली होती.

मी त्याला गोचीड म्हणजे काय ते सांगितले. ती कानाच्या मागे कशी बसते, तिच्यामुळे ताप कसा येतो, रक्त कसे पातळ होत जाते, हे जसे डॉक्टरांनी मला सांगितले होते तसे सांगितले. बिस्किटे ऑगस्टमध्ये खाल्ली आणि मोत्या त्यानंतरही कितीतरी दिवस दारात भुंकत होता, हे कॅलेंडर काढून दाखवले. त्याने बोटाने दिवस मोजले. दोनदा मोजले.

“मग तुम्ही पहिल्या दिवशी का नाही नेलं?”

“मला वाटलं, त्याने उपवास धरला आहे.”

तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिला की मला मुख्य कार्यालयातून आलेल्या एका तपासनिसाची आठवण झाली. “कुत्रा उपवास करत नाही, नाना,” तो म्हणाला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, “मम्मी, बिस्किटांनी नव्हता मेला! नानांनी उशीर केला!”

मुलगी लाटणे हातात घेऊन दारात आली. तिला बिस्किटांचे काहीच ठाऊक नव्हते. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तिथेच खाली बसली.

सही त्याने केली. नुकतेच जोडाक्षर शिकला होता, त्यामुळे स्वतःचे नाव लिहायला त्याला वेळ लागला. कागद माझ्या पासबुकात आहे. निघताना मी चपला घालत असताना तो जिन्यात आला आणि म्हणाला, “उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येणार आहे. तोपर्यंत लिंबाखाली गाडी लावू नका.”

स्कूटर मी आता फाटकाबाहेर उन्हात लावतो. सीट तापते, ही त्यावर एक जुने पोते टाकून ठेवते.